एअर रायफलचा उलटा झटका

नशिराबादला आमच्या मळ्यात स्प्रिंगच्या एअर रायफलवर मी स्वस्तातला स्कोप बसवला. शंभरेक छऱ्यांत आतली फुली हलली. दोन महिन्यांचा पॉकेटमनी पाण्यात! मग न्यूटन आठवला. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते. तोच पिस्टन टोकाला अडतो तेव्हा ती पुढे झटका खाते. बंदुकीचे बरेचसे स्कोप फक्त मागचा धक्का सोसायला केलेले असतात. पुढच्या झटक्याने त्यांच्या काचा ढिल्या होतात, शिवाय माउंट खाचेवरून मागे सरकतो.

म्हणून स्प्रिंग रायफलसाठीच बनवलेला, ४×३२ सारखा साधा स्कोप घ्या. माउंट एकसंध, स्टॉप-पिनवाला हवा. रायफलवर पिनेसाठी भोक आहे ना, ते आधी बघा. माउंटमागे पेन्सिलीने रेघ मारा. नेम चुकला, तर आधी रेघ तपासा. स्कोपला शिव्या नंतर!