कुत्र्यानें काय चघळावें?

घरांत कुत्रें पाळावें कीं पाळूं नये, हा वाद अलीकडे पुष्कळ कुटुंबांतून मिटल्यासारखा दिसतो. मुलांच्या हट्टानें पिल्लूं घरांत येतें, आणि ज्या आजोबांनीं प्रथम कडाडून विरोध केला त्यांच्याच आरामखुर्चीखालीं तें चार दिवसांत निजूं लागतें. परंतु पिल्लूं तीन-चार महिन्यांचें झालें कीं निराळाच प्रश्न उभा राहतो. काकूंची चप्पल, वडिलांच्या चष्म्याचें घर, पाटाचा कोपरा, जें सांपडेल तें चावलें जातें. आणि घरांतील प्रत्येक माणूस आपापल्या मताप्रमाणें त्याला 'कांहींतरी' चघळावयास देऊं लागतो. या 'कांहींतरी'चाच विचार आम्ही आज करणार आहों. कारण त्यांत त्या मुक्या जीवाच्या दांतांचा, आणि प्रसंगीं प्राणांचाहि, प्रश्न असतो.

चघळणें हा खोडकरपणा नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. पिल्लाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दांत येऊं लागतात. ते एकंदर २८ असतात. पुढें ते पडून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दांत येतात, आणि या सर्व काळांत हिरड्या सारख्या शिवशिवत असतात. मोठ्या कुत्र्यालाहि चघळण्यानें विरंगुळा मिळतो व दांतांवरील कीट थोडेंबहुत निघतें. तेव्हां रागावून किंवा मारून ही संवय मोडूं पाहणें व्यर्थ होय. तिला योग्य वस्तूकडे वळविणें हाच उपाय. मात्र फाटकी चप्पल देऊन ती वळत नाहीं. जुनी चप्पल आपली आणि नवी धन्याची, हा भेद कुत्र्याला कोण समजावून सांगणार?

शाकाहारी घरांतील मंडळींच्या मनांत एक शल्य असतें. कुत्र्याचें खाणें हाडूक. तें आपण देत नाहीं, तर आपण त्याचे हाल तर करीत नाहीं ना? मग एखादा शेजारी उरलेलीं हाडें आणून देतो, आणि घरचीं माणसें तोंड फिरवून तीं बाहेर अंगणांत घालूं देतात. आमचें सांगणें असें कीं, हें शल्य बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं. शिजविलेलें हाड ठिसूळ होतें; चावतांना त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशांत रुततात किंवा आंतडीं फाडतात. पाकिटांत भरून विकावयास येणारीं भाजलेलीं वा धुरावलेलीं हाडेंहि निर्धोक नव्हेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१७ सालीं जाहीर केलें कीं, अशा हाडांविषयीं सुमारें ६८ तक्रारी आल्या, त्यांत ९० च्या आसपास कुत्रीं आजारी पडलीं व सुमारें १५ दगावलीं.

दुसरा धोका काठिण्याचा. कुत्र्याचा जबडा बळकट असला तरी त्याच्या दांतांवरील लुकण आपल्या दांतांवरील लुकणापेक्षां पुष्कळ पातळ असतें. शिंगें, खूर, जाड हाडें, कठीण नायलॉनच्या कांड्या, यांवर जोर देतांना वरच्या जबड्यांतील मोठ्या दाढेचा टवका उडतो. कुत्रें तरीहि जेवत राहतें, म्हणून घरांत कोणाला पत्ता लागत नाहीं. आणि पुढें मुळाशीं पू होऊन डोळ्याखालीं सूज दिसूं लागली म्हणजे धांवपळ होते. कुत्रें एकाच बाजूनें चावूं लागलें, कीं पशुवैद्यांना दाखवावें. विकत घेण्यापूर्वीं करावयाची परीक्षा अगदीं सोपी आहे. वस्तूवर अंगठ्याचें नख दाबून पाहावें. खूण उमटली नाहीं, तर ती वस्तु फार कठीण समजावी.

तिसरा धोका गिळण्याचा. वस्तु कुत्र्याच्या तोंडांत सबंध मावणार नाहीं एवढी मोठी असावी, आणि झिजून लहान झाली कीं उचलून घ्यावी. आंब्याची कोय आणि दाणे काढलेलें मक्याचें कणीस, हीं दोन्हीं आपल्या घरांतून सहज खालीं पडतात. पण तीं गिळलीं गेलीं तर आंतड्यांत अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते. नुसती काठीहि चावावयास देऊं नये; तिच्या शिलका तोंडांत मोडतात.

बाजारांत 'रॉहाइड' या नांवानें ज्या पांढऱ्या गांठी व गुंडाळ्या मिळतात, त्या कशाच्या असतात हें अनेक गृहिणींना ठाऊक नसतें. तें जनावराचें कातडें असतें. चुन्यांत भिजवून, केस काढून, धुवून वाळविलेलें. त्याचा मोठा तुकडा गिळला गेल्यास घशांत अडकतो किंवा पोटांत फुगतो. ज्यांच्या घरीं कातडें चालत नाहीं त्यांनीं, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांनींहि, हें वर्ज्य केलेलें बरें. डुकराच्या वाळविलेल्या कानांमुळें २०१९ सालीं अमेरिकेंत साल्मोनेला जंतूंची सांथ पसरून १५४ माणसें आजारी पडलीं. ज्या घरांत रांगतें मूल आणि कुत्रें एकाच फरशीवर खेळतात, त्या घरानें ही गोष्ट विसरूं नये.

मग द्यावें तरी काय? पिल्लाला गार केलेलें जाडसर गाजर द्यावें, किंवा स्वच्छ फडकें भिजवून, पिळा घालून, बर्फाच्या कप्प्यांत गोठवून समोर बसून चावूं द्यावें. रताळ्याच्या जाड चकत्या वाळवून ठेवल्या तर त्या चिवट होतात व कुत्र्यांना फार आवडतात. हिमालयांत, नेपाळ-सिक्कीमकडे, चौरीच्या व याकच्या दुधाची 'छुरपी' करतात. तेथील माणसें ती स्वतः चघळतात, आणि आतां ती कुत्र्यांसाठींहि दूरदूरच्या देशीं जाते. परंतु ती दगडासारखी असते. म्हणून नखाची परीक्षा तिलाहि लावावी, व पाण्यांत भिजवून मऊ झाल्यावरच द्यावी.

सर्वांत सोयीचें म्हणजे रबराचें पोकळ खेळणें. अमेरिकेंत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नांवाचा कुत्रा दगड चावी. एकदां मोटारीचा एक रबरी भाग त्याच्या तोंडीं लागला आणि तो दगड विसरला! त्यावरूनच १९७६ सालीं 'काँग' ही कंपनी निघाली. अशा खेळण्यांत साधा दहीभात किंवा उकडलेलें गाजर भरून गोठवावें. कुत्रें बराच वेळ गुंतून राहतें. दांतांसाठीं खास म्हणून कांहीं घ्यावयाचें झाल्यास 'व्हीओएचसी'ची मोहोर पाहावी. ही पशुवैद्यांची दंतपरिषद् १९९७ पासून अशा वस्तूंची पारख करीत आली आहे.

चव आणण्यासाठीं मात्र वाटेल तें भरूं नये. शिऱ्यांतील बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट, आणि साखरेऐवजीं घालतात तें झायलिटॉल, हीं कुत्र्याला विषवत् आहेत. खाऊचा वांटा दिवसाच्या एकंदर आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा.

एकत्र कुटुंबांत मुख्य अडचण असते ती हातांची. आजी एक देते, पुतण्या दुसरें, मोलकरीण तिसरें. आणि कुत्रें आजारी पडलें म्हणजे कोणीं काय दिलें तें कोणालाच सांगतां येत नाहीं. यास्तव काय द्यावयाचें हें घरांत बसून एकदां ठरवावें, यादी माजघरांत लावावी, आणि चघळावयाची वस्तु देण्याचें व उचलण्याचें काम एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. वस्तु हिसकावूं नये. दुसरा घांस दाखवून तिची अदलाबदल करावी. कुत्रें चघळीत असतां लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊं देऊं नये. घरचें, मायाळू कुत्रें असलें तरी नाहीं. एवढा नेम पाळला, तर चपलाहि वांचतील, आणि आपल्यावर सर्वस्वीं विसंबलेल्या त्या जीवाचे दांत म्हातारपणापर्यंत शाबूत राहतील.