कळमना परिसर आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांचे बांधकाम

अल्प उत्पन्न गटाच्या घरकुलांचा विचार करताना आपल्याकडे घरांची संख्या प्रथम मोजली जाते. बांधकामाचा दर्जा मात्र भिंतीला तडा गेल्यावरच चर्चेस येतो. वस्तुतः त्या तड्याचे कारण पुष्कळदा पाया खणतानाच निर्माण झालेले असते. नागपूरच्या पूर्वेकडील कळमना परिसराच्या निमित्ताने हा कार्यकारणभाव तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

कळमना येथे रेल्वेस्थानक आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार असल्यामुळे हमाल, मापाडी, ठेलेवाले यांची वस्ती या बाजूस असणे स्वाभाविक आहे. नागपूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया या हालचालीबरोबर वरखाली होतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरके तडे निघतात. यावरील उपाय जुनाच आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खुंट (अंडर-रीम्ड पाईल) मातीतील ओलाव्याचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार जेथे थांबतो, अशा खोलीपर्यंत नेले जातात. खोल काळ्या मातीत ही लांबी किमान साडेतीन मीटर धरतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आयएस ४५६ या मानकाच्या २००० च्या आवृत्तीत उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असे सांगितले आहे. वैशाखात नागपुरास हे सोपे नाही, आणि कंत्राटदारास तर ते फुकटचे काम वाटते! परंतु ओलाव्याअभावी काँक्रीटचा पृष्ठभाग सच्छिद्र राहतो. पुढे न्हाणीघराच्या जमिनीतून झिरपणारे पाणी सळयांपर्यंत पोहोचते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. खालच्या रहिवाशाला गळती दिसते, वरचा रहिवासी ती नाकारतो. बांधकामातील उणीव अशा रीतीने शेजारधर्मातील कलह होऊन बसते. दुरुस्तीचा खर्चही अखेर ज्याला तो सर्वांत कमी झेपतो त्याच्याच माथी येतो.

मजबुती म्हणजे वास्तव्ययोग्यता नव्हे, हे मुंबईच्या बी. डी. डी. चाळींनी १९२० च्या दशकातच दाखवून दिले होते. काँक्रीटच्या त्या इमारती शतकभर उभ्या राहिल्या. तरी प्रारंभी त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या, कारण सुमारे १६० चौरस फुटांची ती एकेक खोली कामगारांना सोयीची वाटली नाही. याउलट नागपुरातच एम्प्रेस मिलने इंदोरा येथे वसाहत वसविताना कामगारांना भूखंड व कर्ज देऊन स्वतःचे घर बांधू देण्याचा मार्ग पत्करला होता. प्रस्तुत लेखकास तो मार्ग अधिक विचारार्ह वाटतो, जरी आजच्या जमिनीच्या भावात तो सर्वत्र शक्य नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंतचे चटई क्षेत्र धरण्यात आले. एवढ्या जागेत नागपूरचा उन्हाळा काढावयाचा आहे. मे २०१३ मध्ये येथील तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. सर्वांत वरच्या मजल्याचे उघडे छत दिवसभर उष्णता शोषते आणि रात्री ती खोलीत सोडते. छतावर चुन्याचा पांढरा थर देणे हा स्वस्त उपाय आहे. कूलरची गोष्ट अधिक लक्षणीय. कूलर खिडकीत बसविला की प्रकाशाची वाट बंद होते, आणि समोरच्या बाजूस हवा बाहेर जाण्यास दुसरी खिडकी नसेल तर तो केवळ दमटपणा वाढवितो. भिंतींना बुरशी धरते ती यामुळेही. घर आखतानाच कूलरसाठी स्वतंत्र झरोका, बाहेर आधाराची फळी व पाण्याचा निचरा ठेवला, तर खर्च अल्पच वाढेल.

आणि ठेल्याचे काय? बाजारात पहाटे माल नेणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावरच्या घराइतकीच खाली कुलूपबंद जागाही हवी असते. ती नसल्यास ठेला जिन्याखाली येतो आणि जिना अडतो. नकाशात वाहनतळ दाखविलेला असतो. ठेला मात्र बहुधा दाखविलेला नसतो.