दयाळाची पिल्ले घर सोडतात तेव्हा

पहाटे गोठ्यात धार काढायला जावे, तर परसातल्या शेवग्याच्या शेंड्यावरून दयाळाची शीळ ऐकू येते. नर काळाभोर, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटी ताठ उभारलेली. मादी त्याच ठेवणीची, पण काळ्याच्या जागी राखी रंगाची. शेजारच्या बांगलादेशाने या पाखराला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. आपल्याकडे तो खेडोपाडी आहे. रोज दिसतो म्हणून त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही इतकेच.

दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकात घरटे करतो. आमचे जुने घर कौलारू, भिंती मातीच्या. वळचणीला चिमण्या आणि मागच्या भिंतीतल्या भोकात दयाळ, हे ठरलेलेच. २०२१ साली स्लॅबचे घर बांधले. घर पक्के झाले, पण पाखराला चोच घालायलाही फट उरली नाही. शेवटी थोरल्या मुलाने जुन्या फळ्यांची पेटी करून शेवग्याला टांगली. दयाळाच्या जोडीने ती पसंत केली.

गेल्या वर्षीची चूक

गेल्या उन्हाळ्यात याच पेटीतले एक पिल्लू अंगणात आले. शेपटी आखूड, उडता येईना. मुलांना वाटले, बिचारे पडले, आईने टाकले. त्यांनी ते घरात आणले, टोपलीखाली ठेवले. मी भाकरीचा कुस्करा भरवला, थेंब थेंब पाणी चोचीत सोडले. बाहेर त्याची आई दिवसभर ओरडत होती, पण तिचे ओरडणे आम्हाला कळले नाही. सकाळी टोपली उचलली तर पिल्लू गार पडले होते. धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही.

चूक कुठे झाली ते मागाहून समजले. दयाळाच्या पिल्लाला किडे लागतात, भाकरी त्याचे अन्नच नव्हे. वरून सोडलेले पाणी श्वासनळीत जाऊन पिल्लू गुदमरते. आणि मुख्य गोष्ट अशी की ते पिल्लू पडलेले नव्हतेच. घर सोडण्याचा त्याचा दिवस होता.

पंधरा दिवसांचा संसार

यंदा एप्रिलमध्ये मादीने पेटीत काड्या, मुळ्या आणि म्हशीचे केस नेऊन घरटे केले. ती बाहेर गेलेली पाहून मी एकदाच स्टुलावर चढून डोकावले. चार अंडी होती, फिकट निळसर-हिरवी, त्यांवर तांबूस ठिपके. उबवण्याचे काम एकट्या मादीचे. नर समोर बसून राखण करी. बाराव्या-तेराव्या दिवशी तीन पिल्ले निघाली. चौथे अंडे उबलेच नाही.

मग दोघांची धावपळ सुरू झाली. अळी, नाकतोडा, गांडूळ, जे मिळेल ते घेऊन दिवस उजाडल्यापासून फेऱ्या. परत जाताना चोचीत पांढरी गोळी असे. पिल्लाची विष्ठा पातळ पिशवीत बांधल्यासारखी येते. ती उचलून लांब टाकायची, म्हणजे घर स्वच्छ राहते. बहुतेक अळ्या आमच्या भेंडीतून येताना पाहून घरधन्यांनी त्या वाफ्यावरची फवारणी पुढे ढकलली. विषारी अळी पिल्लाच्या पोटात जायला नको, आणि तेवढ्या दिवसांत अळ्या वेचायला दोन मजूर फुकटचे मिळाले होते.

तो दिवस

पंधराव्या दिवशी सकाळी रीत बदलली. नर नाकतोडा घेऊन आला, पण पेटीकडे गेला नाही. समोरच्या फांदीवर बसून नुसता हाका मारू लागला. भुकेले पिल्लू भोकाशी आले, मान बाहेर काढून पुन्हा आत गेले. असे पाच-सात वेळा झाले. मग एकदम बाहेर झेप, आणि धडपडत पेरूच्या झाडात. थोड्या वेळाने दुसरे गेले, तेही वेगळ्या झुडपात. पिल्ले एका जागी जमत नाहीत, म्हणून एक सापडले तरी बाकीची वाचतात. सकाळी निघाले म्हणजे आडोसा शोधायला पुरा दिवस हाती राहतो.

आम्ही बोक्याला कोठीच्या खोलीत कोंडले होते, कुत्रा गोठ्यात बांधला होता. मुले पडवीत गप्प बसली होती.

तिसरे सर्वांत लहान. अकराच्या सुमारास ते निघाले आणि सरपणाच्या ढिगाऱ्यापाशी उघड्यावर पडले. नर-मादी ओरडू लागली. इतक्यात न्हाणीघराच्या छपरावर कावळा येऊन बसला. धाकटी म्हणाली, "आई, आत आणूया ना गं!" सासूबाई म्हणाल्या, "हात नगं लावू. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लाला घेत न्हाईत."

माझ्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची टोपली आली. आत आणायचे नव्हते आणि कावळ्याला द्यायचेही नव्हते. मी पुढे झाले, पिल्लू ओंजळीत घेतले, चार पावलांवरच्या जास्वंदीच्या दाट फांदीवर ठेवले आणि मागे फिरले. नर माझ्या डोक्यावरून दोनदा झेपावला.

मग पडवीत बसून वाट पाहिली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी मादी कुंपणावर आली. चोचीत हिरवी अळी होती. तिने इकडे-तिकडे पाहिले, जास्वंदीत शिरली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "घेतलं की गं तिनं!"

आपल्या हातात काय आहे

हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज खरा नाही. आई पिल्लाला ओळखते ती मुख्यतः त्याच्या आवाजावरून. जमिनीवर पिल्लू दिसले तर आधी त्याची पिसे पाहा. उघडे, पिसे न फुटलेले असेल तर अलगद घरट्यात परत ठेवा. पिसे आलेली, टुणटुण उड्या मारणारे असेल तर आहे तिथेच राहू द्या. मांजर-कावळ्याचे भय असेल तर जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हा. आई-बाप आणखी काही आठवडे त्याला भरवतात. पाळण्याच्या मोहात पडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरे पकडून पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे.

पेटी करणे सोपे आहे. तळ सहा इंच लांब-रुंद, उंची वीतभराहून थोडी जास्त, भोक दोन इंचांचे आणि तळापासून सहा इंच वर. चिमणीसाठी भोक सव्वा इंच पुरे. भोकाखाली बसायला काडी लावू नका, तिचा उपयोग शत्रूलाच होतो. तळाला पाणी निथळायला आणि वर हवेला बारीक भोके ठेवा. पत्रा तापतो, म्हणून लाकूडच वापरा. आठ-दहा फुटांवर, सावलीत, तोंड पूर्वेला करून टांगा, म्हणजे पावसाचा मारा आत येत नाही. पेटी साळुंकीने बळकावली तरी रागावू नका, तिलाही घर हवेच. पाखरे गेल्यावर जुने घरटे काढून पेटी झाडून ठेवा.

आमची पेटी आता रिकामी आहे. काल संध्याकाळी जास्वंदीखाली ठिपकेदार छातीचे एक पिल्लू स्वतःच किडे टिपत होते. शेपटी अजून पुरती वाढली नव्हती, तरी त्याने ती बापासारखी वर उभारली होती. धाकटीने मला हाक मारली नाही. पिल्लू उडून जाईपर्यंत ती दाराशी गप्प उभी राहिली.