अनोळखी ओपन सोर्स सॉफ्टवेअर : आधी पारखा, मगच उभारा

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लघुउद्योग आहेत. मालाचा साठा, जॉबवर्कची चलने, जीएसटीची बिले आणि उत्पादनाचा हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर अशा उद्योगांना हवे असते. मात्र परवान्याचे शुल्क प्रत्येकालाच परवडते असे नाही. अशा वेळी ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा पर्याय पुढे येतो. ते विनाशुल्क मिळत असले, तरी ते उभारण्यासाठी लागणारे श्रम आणि वेळ विनामूल्य नसतात. त्यामुळे हे श्रम सार्थकी लागतील का, याचा निर्णय आधीच घेणे शहाणपणाचे ठरते.

‘बिल्ड’ म्हणजे काय?
ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो. त्यावरून संगणकावर प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे आणि त्यासाठी लागणारे इतर घटक जुळविणे, या प्रक्रियेला ‘बिल्ड करणे’ म्हणतात. एका घटकाची आवृत्ती जुळली नाही, तरी काम अडून बसते. म्हणून तयार स्वरूपात मिळणारे सॉफ्टवेअर आधी वापरून पाहावे. आराखडे काढण्यासाठीचे ‘फ्रीकॅड’ विंडोजवर थेट बसविता येते. ते बिल्ड करण्याची गरज सहसा पडत नाही.

मुंबईचे उदाहरण
ऋषभ मेहता यांच्या मुंबईतील ‘फ्रॅपे’ कंपनीने विकसित केलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे या बाबतीत अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून त्याची कल्पना पुढे आली. साठा, खरेदी, उत्पादन आणि लेखा हे विभाग त्यात आहेत. मात्र, ते उभारायचे तर लिनक्स, पायथॉन, नोड, रेडिस आणि मारियाडीबी या साऱ्यांची सांगड घालावी लागते. जीएसटीसाठी ‘इंडिया कंप्लायन्स’ हे स्वतंत्र ॲप जोडावे लागते. हे आधी वाचले नाही, तर सर्व उभारणी झाल्यावर बिलाच्या वेळी अडचण लक्षात येते.

काय तपासावे?
पहिली बाब परवान्याची. ईआरपीनेक्स्टला ‘जीपीएल’ची तिसरी आवृत्ती लागू आहे. आपल्याच कारखान्यात वापरण्यासाठी केलेले बदल जाहीर करण्याचे बंधन त्यात नाही. मात्र बदललेले सॉफ्टवेअर इतरांना दिल्यास त्यांना मूळ कोडही द्यावा लागतो.

दुसरी बाब प्रकल्पाच्या जिवंतपणाची. कोडमध्ये अखेरचा बदल केव्हा झाला, काम एकच व्यक्ती करते की अनेक, नोंदविलेल्या त्रुटींना उत्तरे मिळतात का, हे पाहावे. आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नये. फ्रीकॅडचे काम २००२ पासून सुरू होते, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यापूर्वीही ते वापरात होतेच.

तिसरी बाब परतीच्या वाटेची. आपली माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येते का, याची खात्री करून घ्यावी.

सुरक्षेचा धडा
कोड खुला आहे म्हणजे तो निर्धोक आहे, असे नव्हे. ‘एक्सझेड’ या फायली संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट दडविल्याचे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. ती सक्रिय करणारा भाग सार्वजनिक कोडभांडारात नव्हता. तो वितरणाच्या संचात होता आणि बिल्ड होतानाच कामाला लागत असे. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आल्याने हा प्रकार उजेडात आला. त्यामुळे अनोळखी सॉफ्टवेअरची पहिली चाचणी हिशेबाच्या संगणकावर कदापि घेऊ नये; त्यासाठी वेगळा संगणक ठेवावा.

निर्णय कसा घ्यावा?
चाचणीसाठी वेळेची मर्यादा, उदाहरणार्थ दोन दिवस, आधीच ठरवावी. एक खरेदी, एक चलन आणि एक बिल एवढा व्यवहार त्यात पूर्ण करून पाहावा. तेवढ्या वेळात तो झाला नाही, तर पुढे जाण्याचा मोह टाळावा. उभारणीची प्रत्येक पायरी लिहून ठेवावी. ज्याने सॉफ्टवेअर उभारले तोच नोकरी सोडून गेला आणि सर्व्हर बंद पडला, तर बिलांअभावी माल गेटवरच अडकतो. पुढील आवृत्ती कोण बसविणार, या प्रश्नाला कारखान्याकडे उत्तर असेल, तरच हे श्रम घेण्यात अर्थ आहे.