तरुणपणी ऐकलेले गाणे
वयोवृद्धांच्या खोलीत सकाळी भक्तिगीते लावण्याचा प्रघात घरोघरी आहे. त्यात गैर काही नाही. परंतु आपण पंधरा-वीस वर्षांचे असताना काय ऐकत होता, हे त्यांना कधी विचारले आहे का? उत्तर अभंग असेल, नाट्यगीत असेल. एखादे आजोबा ‘जॉनी बी. गुड’ असेही म्हणतील!

चक बेरी या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाने हे रॉक अँड रोल गीत जानेवारी 1958 मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रित केले. लुइझियानातील एका खेडवळ मुलाची ही कथा. लिहिणे-वाचणे यथातथाच, पण गिटार हाती आली की बोटे चालू लागत. आणि हा एक दिवस नाव काढील, असा आईचा विश्वास. ‘गुड’ हे आडनाव बेरीने सेंट लुईसमधील आपल्या जन्मस्थानाच्या रस्त्यावरून घेतले. नायक मुळात कृष्णवर्णीय म्हणूनच लिहिला होता. मात्र गाणे नभोवाणीवर वाजावे म्हणून तो शब्द काढून तेथे ‘खेड्यातला’ या अर्थाचा शब्द घातला गेला. हे कळल्यापासून त्या उल्हासामागची सल मला ऐकू येते. आरंभीचे गिटारवादन लुई जॉर्डनच्या 1946 मधील एका गाण्यातून उचललेले आहे, तरी आज ते बेरीचेच वाटते.

1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पाठवलेल्या सुवर्णतबकडीवर हे गाणे आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि मराठीतील अभिवादनही. तेव्हा हे गाणे आपल्याला अगदीच परके कसे म्हणावे?

पौगंडावस्थेपासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात विशेष ठळक राहतात, आणि गाणी त्यांना घट्ट चिकटलेली असतात. स्मृतिभ्रंशात मुलांची नावे विसरलेली व्यक्तीही जुन्या गाण्याचा ठेका अचूक धरते, असे अनेकदा आढळते. हा उपचार नव्हे, औषधाला पर्याय तर नाहीच. पण तेवढ्या वेळापुरती माणसाची भेट होते.

काळजीवाहकांनो, एका वेळी एकच गाणे लावा. श्रवणयंत्र असेल तर ते आधी बसवा. आवाज वाढवणे हा त्यावरील उपाय नाही. दूरचित्रवाणी बंद ठेवा आणि चेहऱ्याकडे पाहा. अस्वस्थता दिसली, तर गाणे लगेच थांबवा. डोळ्यांत पाणी आले, तर मात्र घाई करू नका. हात हाती घ्या. ‘जॉनी बी. गुड’ची लय फार जलद आहे. तोल जाणाऱ्या व्यक्तीस त्यावर उभे करू नका. खुर्चीत बसून पावलांनी ठेका धरणे पुरेसे आहे.

स्वतः बेरी सत्तरीपासून 2014 पर्यंत सेंट लुईसमधील एका उपाहारगृहात महिन्यातून एकदा गात असे. 2017 मध्ये तो गेला, तेव्हा नव्वद वर्षांचा होता.

ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या भावंडांना किंवा जुन्या मित्रांना विचारा. घरात तबकड्यांची जुनी पेटी असेल, तर तीही एकदा उघडून पाहा.