निबंध वाचणार कोण?

'पावसाळ्यातला एक दिवस' हा निबंध आपल्याकडे दर वर्षी लाखो मुलं लिहितात. वाचणारं माणूस मात्र प्रत्येकाच्या वाट्याला एकच येतं, वर्गावरच्या बाई किंवा सर. त्यांच्यापुढे वह्यांचा गठ्ठा असतो. पाऊस कसा पडला हे कळावं म्हणून त्या वह्या कोणी उघडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ तपासायला उघडतात. मुलांना हे फार लवकर उमगतं. मग मार्गदर्शकातले टपोरे थेंब आणि मातीचा सुगंध वहीत उतरतात आणि मुलानं पाहिलेला पाऊस बाहेरच राहतो. यात मुलांचा दोष नाही. शब्द त्यांच्याकडे भरपूर असतात. त्यांना मिळत नाही तो वाचक.

फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शिक्षकानं शंभर वर्षांपूर्वी नेमका याच प्रश्नाला हात घातला. सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात जखमी झाले होते, गोळी फुप्फुसाला लागली होती. १९२० मध्ये दक्षिणेतल्या बार-सुर-लू या डोंगरी गावच्या प्राथमिक शाळेत ते रुजू झाले, तेव्हा सलग बोलताना त्यांना धाप लागायची. मग ते मुलांना घेऊन गावाबाहेर फिरायला जात आणि परत आल्यावर पाहिलेलं सगळे मिळून फळ्यावर लिहीत. एकदा मुलांनी वर्गात गोगलगाईंची शर्यत लावली, तिचंही वर्णन फळ्यावर आलं. पण वाचनाचं पुस्तक उघडलं की तीच मुलं मरगळून जात, आणि फळा पुसला की त्यांचं स्वतःचं लेखनही जाई.

१९२४ मध्ये फ्रेने यांनी एक लहानसं हातानं चालवायचं छपाई यंत्र वर्गात आणलं. मुलं मनात येईल त्या विषयावर लिहून आणत. मजकूर मोठ्यानं वाचले जात आणि छापायचा कोणता ते वर्ग मत देऊन ठरवी. निवडलेल्या मजकुरावर फळ्यापाशी सगळ्यांचं काम चाले. हे कुणी म्हटलं, त्याआधी काय झालं, हे वाक्य इथे कशाला, असे प्रश्न सोबत्यांकडून येत आणि त्यांची उत्तरं लिहिणाऱ्याला द्यावी लागत. त्यानंतर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा शोधायचा, उलट्या क्रमानं ओळीत बसवायचा, शाई लावायची, दाब द्यायचा. लहान बोटांना हे कष्टाचं काम आहे, म्हणूनच फुकटचं विशेषण जुळवायला कोणी राजी होत नाही. चुकलेलं अक्षर प्रत्येक प्रतीवर उमटणार असतं, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजीही मुलांनाच वाटू लागते. माझ्या मते लाल शाईनं हे काम इतकं चांगलं कधीच केलेलं नाही.

छापलेली पानं जायची कुठे? ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत, रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाकडे. तिकडूनही पानं येत. बार-सुर-लू संत्र्याच्या फुलांचं गाव, ही फुलं अत्तरासाठी जात. तिथल्या मुलांना झाडाखालची वेचणी कुणाला समजावून सांगावी लागली नव्हती. ब्रिटनीच्या मुलांसाठी भरती-ओहोटी रोजची, तर भूमध्य समुद्राला ती जवळपास नसतेच. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला सांगायची वेळ आली, की तपशील कुठला द्यायचा आणि सुरुवात कुठून करायची हे मुलाला स्वतःला ठरवावं लागतं. लेखन म्हणतात ते हेच.

फ्रेने यांची ही चळवळ इटलीत पोचली. मारिओ लोदी हे त्या चळवळीतले शिक्षक १९६३ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियानाला गेले आणि त्यांच्या वर्गाचा तिथल्या मुलांशी पत्रव्यवहार सुरू झाला. पाद्री लोरेंत्सो मिलानी यांची तिथली शाळा, नापास म्हणून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची. तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला लिहिलेलं पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपात आलं. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावानं वाचायला मिळतं. लिहिण्याची त्यांची रीत प्रत्येक शिक्षकानं पाहावी अशी आहे. सुचलेला मुद्दा चिठ्ठीवर टिपायचा, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, दुबार आलेल्या काढायच्या, उरलेल्यांचे गठ्ठे करायचे. गठ्ठ्यांची प्रकरणं होतात. मजकूर तयार झाला की बाहेरच्या माणसाला, शक्यतो फार न शिकलेल्या माणसाला, वाचायला द्यायचा. त्याला कळलं नाही, तर पुन्हा लिहायचं.

आपल्याकडे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवू लागले तेही फ्रेने यांचं छपाई यंत्र वर्गात आलं त्याच वर्षी, १९२४ मध्ये. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' हे दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. शिक्षक रोज लिहितो आणि मुलं वाट पाहून वाचतात, हा या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. आपल्या शाळांमधली हस्तलिखितं याच वाटेवरची आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. पण त्यांची प्रत एकच निघते. सुवाच्य अक्षर असलेली दोन-चार मुलं ती उतरवून काढतात, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं आणि अंक कपाटात जातो. मेहनत होते, वाचक येत नाही.

वाचक आला की जोखीमही येते. फ्रेने १९२८ मध्ये सँ-पोल या गावी बदलून गेले. तिथे एका मुलानं लिहिलेल्या स्वप्नात गावच्या महापौराला मारण्याचा प्रसंग होता. ते छापील पान निमित्त झालं, विरोधकांनी रान उठवलं आणि १९३३ मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. पुढे त्यांनी जवळच व्हाँस इथे स्वतःची शाळा काढली. काय बाहेर पाठवायचं याचा विचार शिक्षकानं करावाच. पण त्या भीतीनं मुलांना पुन्हा मार्गदर्शकाकडे लोटू नये.

दोन शिक्षकांनी मनावर घेतलं तर आपल्याकडेही अशा पत्रव्यवहाराची जूनमध्येच सुरुवात होऊ शकते. एक वर्ग वेंगुर्ल्याचा, दुसरा गडचिरोलीतल्या एखाद्या गावचा. मोहाची फुलं वेचायला पहाटेच का जावं लागतं, हे तिथल्या मुलाला गावात कोणी विचारत नाही. वेंगुर्ल्याची मुलं विचारतील. रापणीचं जाळं ओढायला किती माणसं लागतात आणि आलेल्या मासळीची वाटणी कशी होते, हे गडचिरोलीची मुलं विचारतील. कोणत्याच पत्राला गुण देऊ नयेत. पानांचे फोटो काढून फोनवरून पाठवले तरी चालेल, पण तिकडे ते कागदावर उतरवून भिंतीवर लागले पाहिजेत, आणि प्रश्नांसकट उत्तर पंधरा दिवसांच्या आत परत आलं पाहिजे.