खलातली सोयरीक

पालघरात जुलै उजाडला की स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाझरायला लागते. तारापूर एमआयडीसीतल्या गोदामांतही तीच हवा असते. तरीही रिअ‍ॅक्टर थंड केला, माल खाली बसला, सेंट्रिफ्यूजमधून ड्रायरला गेला, की स्फटिकाचा विषय मिटला असे मानणारे बोईसरला पुष्कळ आहेत. त्यांनी रिटोनाविर आठवावे. एड्सवरचे हे औषध बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती. १९९८ साली त्याच रेणूचा दुसरा, कमी विरघळणारा स्फटिक उपटला आणि कॅप्सूल परत मागवाव्या लागल्या.

स्फटिक नशिबावर न सोडता हवा तसा घडवण्याची विद्या जुनी आहे: वोलरने १८४४ मध्ये दोन रेणूंचा मिळून एक स्फटिक, क्विनहायड्रोन, केला आणि पेपिन्स्कीने १९५५ मध्ये ‘क्रिस्टल इंजिनिअरिंग’ हे नाव दिले. खरी रंगत आली ती हैदराबाद विद्यापीठात. तिथले रसायनशास्त्रज्ञ गौतम देसिराजू यांचे १९८९ चे पुस्तक आणि ‘सिंथॉन’वरचा, म्हणजे रेणूंना जोडणाऱ्या ठरावीक बंधरचनांवरचा, १९९५ चा लेख यांनी रेणूंच्या सोयरिकी जुळवायची रीत घालून दिली. कार्बोक्सिलिक आम्लाला त्याचाच भाऊबंद भेटला तर दोन हायड्रोजन बंधांची गळामिठी पडते. पण शेजारी पिरिडीन आले की आम्ल बहुधा घरची जोडी मोडून तिकडे वळते. ही ओढ ओळखून दोन वेगळे रेणू एकाच स्फटिकात नांदवायचे, हाच सहस्फटिक. देसिराजूंचे सहकारी अश्विनी नांगिया पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. विद्या पुण्यापर्यंत आली. घाट उतरून बोईसरला यायला मात्र तिला फार वेळ लागतो आहे.



ही सोयरीक जमवायला सगळ्यात स्वस्त मांडव म्हणजे खल. दोन भुकट्या, द्रावकाचे चार थेंब आणि घोटणे. कोरडे कॅफिन दमट हवेत पाणी ओढून हायड्रेट होते. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ मध्ये त्याला ऑक्झॅलिक आम्लाची जोड दिली, दोनास एक या प्रमाणात. तो सहस्फटिक ९८ टक्के आर्द्रतेतही आठवडेच्या आठवडे बदलला नाही. पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या स्फटिकाची गोळी नीट दाबली जात नाही, टोपी उडते. थिओफिलिनसारखा जोडीदार दिला की ती बसते. खलाला पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर पाहावा. तोच खल, फक्त न थांबता चालणारा.

सहस्फटिक म्हणजे पेटंट लांबवायची युक्ती, असाही एक लाडका आक्षेप आहे. काही वेळा तो खराही असतो. पण हृदयविकारावरच्या सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचे काय? दोन औषधे, सोडियम आणि पाणी एकाच स्फटिकात. नुसत्या असममित एककात, म्हणजे स्फटिकाच्या सर्वात लहान स्वतंत्र तुकड्यात, सोडियमचे १८ आयन आणि पाण्याचे १५ रेणू. असली बांधणी वकिलाच्या टेबलावर होत नाही.

बोईसरला मात्र सेंट्रिफ्यूजमधला ओला केक बोटांत चोळून ‘आज सुया पडल्यात, गाळण तुंबणार’ असे सांगणारे जुने ऑपरेटर निवृत्त झाले. त्यांच्या जागी बॅच रेकॉर्डमध्ये ‘पांढरी भुकटी’ एवढी नोंद उरली. अ‍ॅगेटचा खल तेवढा गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत अजून आहे. आयआर (अवरक्त) वर्णपटासाठी पोटॅशियम ब्रोमाइडची टिकली करायची असली की तो कपाटातून निघतो, आणि धुऊन पुसून पुन्हा आत जातो.